बॅटरीच्या गाडीलाही वंगण लागते!

अंजिराची शेती करणाऱ्याला दुष्काळापेक्षाही घड्याळाची भीती जास्त. पिकलेले फळ झाडावरून उतरले की थांबत नाही. पहाटे बाजारात पोचले तर भाव, ऊन चढले की मिळेल तो दाम. त्यामुळे पुरंदर तालुक्यातल्या अंजीरवाल्याचे निम्मे लक्ष बागेत आणि निम्मे गाडीत असते.

माझ्या मेव्हण्याची सासवडजवळ अशीच लहानशी बाग आहे. शेजारच्या दोघांबरोबर भागी करून त्याने बॅटरीवर चालणारा चारचाकी टेम्पो घेतला. पहाटे दिवे घाट उतरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात यायचे, माल उतरवायचा, मग दिवसभर शहरात दुकानांना खोकी पोचवून संध्याकाळी घर गाठायचे, असा त्याचा रोजचा क्रम. डिझेल सुटले, ऑइल बदलणे सुटले, म्हणून तिघेही खुशीत होते.

गेल्या फाल्गुनात त्याचा फोन आला. "दाजी, गाडी गुणगुणायला लागलीय."

मी म्हटले, दाखवून घे. तर म्हणतो, "हिला इंजिनच न्हाई, तर बिघडणार काय? असंल टायरचा आवाज."

आठ दिवसांत गुणगुण वाढून घरघर झाली. मग त्याने वाटेवरच्या एका मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने चाक हलवून पाहिले, प्ले आहे म्हणाला आणि हबचा नट करकचून आवळून दिला. आवाज दोन दिवस कमी झाला. तिसऱ्या पहाटे भरल्या गाडीने घाट उतरल्यावर हडपसरच्या अलीकडे जळक्या ग्रीसचा वास आला. उतरून पाहिले तर डाव्या पुढच्या चाकाच्या हबला हात लावता येईना. अंजीर दुसऱ्या गाडीत भरून यार्डात जाईपर्यंत सौदे आटोपत आले होते.

त्या दिवसाचा तोटा सोसता आला. पण तसेच रेटले असते तर बेअरिंगचे रूळ फुटून चाक जाम झाले असते, किंवा हबसकट निखळले असते. हे घाटातल्या वळणावर झाले असते तर काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

टायरगाडीवाल्याला हे नवे नाही

लाकडी बैलगाडी ज्यांनी हाकली त्यांना वंगणाचे महत्त्व सांगायला नको. आस कोरडा पडला की चाक ओरडते, बैल दमतात आणि नळ्याचे लाकूड खाल्ले जाते. पुढे कारखान्यांवर उसाच्या टायरगाड्या आल्या, त्यांच्या चाकांत बेअरिंग आले. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकातही तेच आहे आणि बॅटरीच्या टेम्पोच्या पुढच्या चाकातही त्याच घराण्यातली वस्तू आहे.

गंमत अशी, की चाकांत सर्रास वापरले जाणारे टेपर बेअरिंग मुळात घोडागाड्यांसाठीच निघाले. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात हेन्री टिमकेन नावाचे गाड्या बनवणारे कारागीर होते. भरलेली गाडी वळण घेताना चाकावर वरून वजन येते, तसाच बाजूनेही रेटा येतो. साध्या बेअरिंगला हा आडवा रेटा सोसत नसे. टिमकेन यांनी रूळ एका टोकाला निमुळते केले आणि त्यांना तिरके बसवले. त्यामुळे दोन्ही भार एकाच बेअरिंगने पेलले. त्याचे पेटंट १८९८ सालचे. आज पुण्याजवळ चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा मोठा कारखाना आहे, तो १९६० च्या दशकातला.

लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात तो टाटा एस २००५ साली रस्त्यावर आला आणि २०२२ साली त्याचा बॅटरीवरचा अवतार जाहीर झाला. बारामतीला पियाजिओच्या कारखान्यात बॅटरीवरच्या तीनचाकी तयार होतात. म्हणजे या गाड्या आता आपल्या जिल्ह्यात नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. इंजिन गेले, गिअरबॉक्स सोपा झाला, हे खरे. पण चाक, हब, स्प्रिंग, ब्रेक आणि रस्त्यातले खड्डे जिथल्या तिथे आहेत.

आवाज ओळखावा कसा?

डिझेल गाडीत इंजिनाच्या आवाजाखाली बेअरिंगची कुरकुर झाकून जाते. बॅटरीची गाडी शांत असल्यामुळे ती लवकर ऐकू येते. हा फायदाच आहे, फक्त ऐकणाऱ्याने कान द्यायला हवा.

ॲक्सिलेटरवरचा पाय काढताच आवाजाची पट्टी बदलली, तर तो बहुधा मोटरचा किंवा गिअरचा. डांबरावर वेगळा आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगळा येत असेल, तर टायरचा. रस्ता कोणताही असो, पाय दाबलेला असो वा सोडलेला, गाडीच्या वेगाबरोबर जो वाढतो आणि वेगाबरोबरच उतरतो, तो बेअरिंगचा समजावा. वळणावर आणखी खूण पटते. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर डावे चाक तपासावे, डावीकडे वळताना वाढली तर उजवे.

मग गाडी टणक, सपाट जागी उभी करावी. चावी काढून खिशात ठेवावी. ही गाडी उभी असताना आवाज करत नाही, त्यामुळे ती चालू आहे की बंद हे नुसते ऐकून कळत नाही. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. गाडीच्या पोटात बॅटरीची पेटी असते, तिच्याखाली जॅक कधीही लावू नये. चाक उचलल्यावर खाली घोडी द्यावी, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात घालू नये.

आता चाक वर आणि खाली धरून हलवावे. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट पाहावा लागेल. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर तळहाताला कळते.

मार्केट यार्डाजवळच्या गॅरेजात

मेव्हण्याला घेऊन मी मार्केट यार्डाजवळच्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्री जुने, ट्रॅक्टरपासून बॅटरीच्या गाडीपर्यंत सगळे पाहिलेले. त्यांनी आधी विचारले, "वॉरंटी संपलीय का? नसंल तर कंपनीत जा, उगीच माझ्याकडं खोलू नका." वॉरंटी संपलेली होती, तेव्हाच त्यांनी पाना हातात घेतला.

चाक काढले. ब्रेक सोडवून तारेने बांधून ठेवला, रबरी नळीला लोंबकळू दिला नाही. हबची टोपी, स्प्लिट पिन, कॅसल नट आणि वॉशर काढल्यावर बाहेरचे लहान बेअरिंग हातात आले आणि हब स्टबवरून ओढून काढला. आतले मोठे बेअरिंग ऑइल सीलच्या मागे होते. ग्रीस बघून मिस्त्रींनी मान हलवली. आतल्या बाजूचे ग्रीस दुधाळ झाले होते, म्हणजे पाणी शिरले होते. बाहेरचे काळे पडून जळाले होते आणि त्यात लोखंडाची चमक दिसत होती.

पावसाळ्यात सील कडेने फाटले असावे. त्यात रोज संध्याकाळी गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट हबवर मारायची मेव्हण्याची सवय. पाण्याने ग्रीस बिघडले, ग्रीस बिघडल्याने रुळांना खड्डे पडले. वर नट आवळल्यामुळे रुळांना जागाच उरली नाही आणि उरलेले ग्रीस तापून गेले. चाकातला प्ले हे दुखणे दाखवत होता. नट आवळून दुखणे बरे झाले नाही, फक्त दाखवणारा गप्प बसला.

मिस्त्रींनी स्टबवरून बोट फिरवून चर पडली नसल्याची खात्री केली. चर पडली असती तर नवे बेअरिंगही टिकले नसते.

नवे बसवताना

जुना नग हातात घेऊन नाना पेठ गाठली. सुट्या भागांच्या त्या बाजारात सगळे मिळते, अस्सल आणि नक्कलही. कडीवर कोरलेला नंबर जुन्याशी जुळवावा, पक्के बिल घ्यावे. काही बेअरिंग कंपन्यांनी अस्सल माल ओळखण्यासाठी मोबाईल ॲप दिले आहे, त्याचा उपयोग करावा. बेअरिंगची आतली कोन आणि बाहेरचा कप ही जोडी असते. जुना कप ठेवून नवी कोन घालण्याची काटकसर करू नये. सील तर दर वेळी नवेच हवे.

हबमधले जुने कप मिस्त्रींनी पितळी सळईने चहूबाजूंनी थोडे थोडे ठोकून काढले. हब रॉकेलने धुऊन कोरडा केला. नवा कप बसवताना त्यावर जुना कप ठेवून ठोकला, म्हणजे घाव नव्यावर पडत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज भरीव होतो. मग तळहातावर ग्रीस घेऊन ते बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत राहिले, ते रुळांतून पलीकडे निघेपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र ते ठासून भरले नाही, जास्तीचे ग्रीस तापून सील ढकलते. अवजारांना लावायचे साधे ग्रीस इथे चालत नाही, चाकाच्या उष्णतेत ते पातळ होऊन वाहते. पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे आणि दोन जातींचे एकत्र करू नये.

शेवटी नट. इथेच पहिला मिस्त्री चुकला होता. चाक फिरवत फिरवत नट आधी आवळायचा, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. मग तो सैल सोडायचा आणि पुन्हा हलका आवळून, चाक मोकळे फिरेल पण हाताला डगडग लागणार नाही, अशा जागी नवी स्प्लिट पिन घालायची. किती आवळायचे आणि किती सोडायचे याचे नेमके माप गाडीगणिक वेगळे असते, ते पुस्तिकेतून घ्यावे.

ही रीत झाली टेपर बेअरिंगच्या जोडीची. काही गाड्यांत बंद हब-बेअरिंग येते. त्याला ग्रीस भरायचे नसते आणि त्याचा नट ठरलेल्या ताकदीनेच टॉर्क पान्याने आवळावा लागतो. त्यातल्या काहींच्या एका बाजूला एबीएस सेन्सरसाठी चुंबकी पट्टी असते. ती बाजू उलटी बसली तर चाक फिरते, पण सेन्सर काम करत नाही. असे काम टॉर्क पाना नसलेल्या ठिकाणी करू नये.

आणखी एक इशारा. गाडीखाली नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात, त्यांत जिवावर बेतणारा विजेचा दाब असतो. चाकाच्या कामात त्यांना हात लावण्याची गरज पडत नाही. अडकलेला भाग सोडवायला गॅस पेटवणे किंवा वेल्डिंग करणे या गाडीत कटाक्षाने टाळावे.

सरपंच-ग्रामसेवकांनीही वाचावे

अनेक ग्रामपंचायतींकडे बॅटरीवरच्या घंटागाड्या आल्या आहेत. त्यांच्या चार्जिंगची काळजी घेतली जाते, चाकांकडे मात्र कुणी पाहत नाही. ओल्या कचऱ्याचे पाणी, रोजची धुलाई आणि वाडीवस्तीचे रस्ते यांत हबचे सील लवकर जाते. मग गाडी पंचायतीच्या आवारात उभी राहते आणि 'बॅटरीची गाडीच वाईट' असा शेरा बसतो. एक साधी वही ठेवावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर चाके उचलून पाहिल्याची तारीख, ग्रीस कधी बदलले, सील कधी बदलले, एवढे लिहिले तरी पुरे. चालकाला हबवर थेट पाण्याचा फवारा न मारण्याची ताकीद द्यावी.

काम झाल्यावर मिस्त्रींनी मेव्हण्याला एक सवय लावून दिली. नवे बेअरिंग पडल्यावर पहिल्या पन्नासेक किलोमीटरला थांबून चाकाचे नट तपासायचे आणि दोन्ही पुढच्या हबांजवळ हात न्यायचा. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एकच तापला असेल तर तिथेच थांबायचे, मग गाडीत माल कितीही असो.

मेव्हणा आता रोज पहाटे घाट उतरला की गाडी बाजूला घेतो, उतरतो आणि दोन्ही हबांपाशी हात नेऊन पाहतो. मागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवत पुढे जातात. "जाऊ द्या की दाजी," तो म्हणतो. "माझा बा घाट उतरला की गाडीचा आस बघायचा. मी बॅटरीची गाडी घेतली आणि तेवढंच इसरलो होतो."