शेततळ्यात मासे किती सोडावेत?



पावसाने शेततळी काठोकाठ भरली की मासळीच्या शेतीची बोलणी सुरू होतात. मन्नाएखेळ्ळीच्या आसपास आणि बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरील गावांत आता शेततळी नवीन राहिलेली नाहीत. कर्नाटक सरकारने २०१४ साली 'कृषी भाग्य' योजना सुरू केली, तेव्हापासून कोरडवाहू रानात प्लास्टिक अंथरलेली तळी दिसू लागली. तूर, सोयाबीन आणि हरभऱ्याला एखादे पाणी देता यावे हा त्यांचा मुख्य हेतू. पण पाणी आहेच तर त्यात मासे का वाढवू नयेत, असा विचार कोणाच्याही मनात येतो आणि तो योग्यच आहे.

अडचण येते ती संख्येची. बी विकणारा पिशवी दाखवून म्हणतो, "मामा, हजार घ्या, काही मरतील, काही राहतील." आपल्यालाही वाटते, जास्त टाकले तर जास्त निघतील. ज्वारी दाट पेरली तर कणसे बारीक पडतात हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग पाण्यातल्या पेरणीला वेगळा न्याय कसा असेल?

जेवढे सोडाल तेवढेच

एक गोष्ट आधी समजून घेऊ. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्याकडील मुख्य वाढीचे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बी नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची वीण करवून घेतली. तेव्हापासून बी तयार करणे माणसाच्या हाती आले. तो दिवस आता मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो.

याचा आपल्याला अर्थ एवढाच, की हे मासे शेततळ्यात पिल्ले देणार नाहीत. जेवढे सोडाल तेवढ्यांचाच हिशेब. तिलापियाची गोष्ट उलटी आहे. तो तळ्यातच भराभर वाढतो आणि थोड्या महिन्यांत पाणी बोटभर माशांनी भरून जाते. ज्याची मोजदाद आपल्या हाती राहत नाही, तो मासा लहान तळ्यात न घेतलेला बरा.

पाण्याचा श्वास

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. हा प्राणवायू थोडा हवेतून मिसळतो आणि बराचसा पाण्यातील हिरवे शेवाळ दिवसा उन्हात तयार करते. रात्री मात्र शेवाळही श्वास घेते, मासेही घेतात, तळाशी कुजणारे शेणही प्राणवायू खाते. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. शिवाय पाणी जितके गरम, तितका प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशाला साडेसातच. माशाची वाढ चांगली व्हायला ५ मिलिग्रॅम तरी हवा.

म्हणूनच दाटीचे तळे दिवसा ठीक दिसते आणि पहाटे दगा देते. सूर्योदयापूर्वी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ते खाणे मागत नसून त्यांचा जीव गुदमरतो आहे असे समजावे. अशा वेळी खाद्य आणि शेणखत ताबडतोब बंद करावे, विहिरीचे पाणी मोटारीने उंचावरून पडेल असे सोडावे. विहीर नसेल तर तळ्याचेच पाणी उचलून तळ्यातच फवारावे. ढगाळ हवा दोन-तीन दिवस टिकली, तर आधीच सावध राहावे.

हिशेब कसा करावा?

गुंठ्याला ५० बोटुकल्या, हे सुरुवातीच्या शेतकऱ्याने धरावयाचे माप. हेक्टरी ते सुमारे ५,००० होते. जे रोज खाद्य घालतात आणि पाण्यात हवा मिसळण्याचे यंत्र लावतात, ते याच्या दुप्पट सोडतात. विजेचा भरवसा नसलेल्या रानात त्यांची बरोबरी करू नये.

आता हे गुंठे कुठले मोजायचे? येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा, तळे वरच्या काठाशी २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. भरलेल्या तळ्याचे क्षेत्र ४०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४ गुंठे. त्या मापाने २०० मासे बसतात. पण हरभऱ्याला पाणी दिले, उन्हाने काही आटले आणि पातळी २ मीटर उतरली की उतरत्या बाजूंमुळे पाणी फक्त १४ मीटर लांब-रुंद उरते. ते झाले जेमतेम २ गुंठे आणि खोली एक मीटर. त्यात १०० मासेच सुखाने राहतील. मासे तोपर्यंत मोठे झालेले, पाण्याचा पसारा मात्र निम्मा आणि पाणी गरम.

म्हणून आमचा सल्ला असा, की भरलेल्या तळ्याकडे पाहून संख्या ठरवू नका, उतरलेल्या तळ्याकडे पाहून ठरवा. अशा तळ्यात १५० सोडावेत : कटला ६०, रोहू ४५, मृगळ ४५. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे एकमेकांच्या ताटात हात पडत नाही. नाताळच्या सुमारास जाळे टाकून मोठे झालेले ४०-५० मासे काढून घ्यावेत. उरलेले पाणी फार उतरण्यापूर्वी उपवासकाळात काढावेत. शुक्रवारी मासळीला घरोघरी मागणी असते आणि तळ्यालाही तेव्हाच रिकामे व्हायचे असते.

दीडशेपैकी १२० वाचले आणि सरासरी अर्ध्या किलोचे झाले, तर ६० किलो मासळी झाली. हजार सोडले आणि सगळे जगले, तरी तेवढ्याच खाण्यापाण्यावर तेवढेच वजन हजारांत वाटले जाईल. म्हणजे एक मासा ६० ग्रॅमचा. त्याला बाजारात कोण विचारतो?

काचेच्या पेटीतही हाच न्याय

हैदराबाद-पुण्याकडे नोकरीला असलेली मुले कधी काचेच्या पेटीत शोभेचे मासे पाळतात. त्यांच्यासाठीही दोन शब्द. अंग फुगवणारा केंड मासा कोकणच्या लोकांना माहीत आहे. त्याच्या जातीचे ठिपक्यांचे, खाडीच्या मचूळ पाण्यातले लहान केंड दुकानांत विकले जातात. विकताना तो अंगठ्याएवढा असतो, म्हणून लोक चार-पाच घेतात. पुढे तो अर्ध्या फुटापर्यंत वाढतो, मोठा होताना त्याला खारट पाणी लागते आणि शेजाऱ्यांचे कल्ले-पंख कुरतडायची त्याला खोड असते. शंभर लिटरहून मोठ्या पेटीत तो एकटाच ठेवावा, हे बरे. संख्या ठरवताना पाण्याबरोबर माशाचा स्वभावही पाहावा लागतो, हे त्याच्यावरून कळते. केंड कोणीही खाऊ नये. त्याचे विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही.

शेततळ्यातही स्वभाव पाहावाच. विदेशी मांगूर इतर मासे खातो आणि ओढ्यात निसटला तर तिथलेही संपवतो. भारत सरकारने त्यावर २००० सालीच बंदी घातली आहे. स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

सोडताना आणि नंतर

मत्स्यजिरे स्वस्त पडते, पण त्यातले फार थोडे टिकते. ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली महाग वाटली तरी तीच घ्यावी, आणि समोर मोजून घ्यावी. सकाळी किंवा संध्याकाळी पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग तोंड सोडून थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्यावेत.

खाद्याला शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा समभाग पुरे. माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा २ ते ३ इतके रोज द्यावे. दोनशे ग्रॅमचे १२० मासे असतील तर अर्धा ते पाऊण किलो. आदल्या दिवशीचे उरले असेल तर त्या दिवशी घालू नये. तुरीवर औषध मारून झाल्यावर फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये. अळीवर वापरतात ती काही औषधे माशांना थेंबाथेंबाने मारतात.

आणखी एक. प्लास्टिकच्या तळ्याचा काठ निसरडा असतो, पडलेल्याला वर चढता येत नाही. खाद्य घालायला पोरांना एकटे पाठवू नये. तळ्याला कुंपण करावे आणि गाठी मारलेला जाड दोर चारही बाजूंनी पाण्यापर्यंत बांधून ठेवावा. मासे मेले तर पुढच्या वर्षी पुन्हा आणता येतात.

बिदरलाच पशुवैद्यकीय, पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे, कृषी विज्ञान केंद्रही आहे. बी आणण्यापूर्वी तळ्याची लांबी, रुंदी, खोली आणि फेब्रुवारीत पाणी कुठवर उतरते, हे कागदावर लिहून तेथे दाखवावे. एवढी चार मापे हाती असली की किती मासे सोडायचे हे बी विकणाऱ्याला विचारावे लागणार नाही.