कानाचे दुखणे थांबल्यानंतर

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही शरीरातली सर्वांत लहान तीन हाडे याच पोकळीत एकमेकांना जोडलेली असतात आणि पडद्याची कंपने आंतरकर्णापर्यंत पोहोचवतात. ही कंपने नीट पोहोचायची तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा असावा लागतो. ते काम मध्यकर्णातून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडणारी एक बारीक नळी करते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून ती युस्टेशियन नळी म्हणून ओळखली जाते. घोट गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि आत हवा जाते.

मोठ्या माणसात ही नळी उतरती असते. तान्ह्या बाळात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. शिवाय तिच्या तोंडाजवळच अ‍ॅडेनॉइडची गाठ असते आणि या वयात ती सुजायला निमित्तच लागते. साध्या सर्दीनेही नळी बंद पडते, घशातले जंतू वर सरकतात आणि मध्यकर्णात पू होतो. तीन वर्षांची होईपर्यंत बहुसंख्य मुलांना हा त्रास निदान एकदा तरी होऊन जातो. ताप, रात्रभराचे रडणे, कानाकडे सतत जाणारा हात ही त्याची लक्षणे. कधी दाब वाढून पडद्याला छिद्र पडते आणि पू बाहेर येतो. यालाच घरोघरी ‘कान फुटला’ म्हणतात. पू वाहून गेला की ठणका थांबतो आणि असे छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. दोन वर्षांवरील मुलाचे दुखणे सौम्य असेल तर प्रतिजैविक लगेच सुरू न करता वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवणे, हेही आता मान्य वैद्यकीय धोरण आहे.

पालकांची काळजी बहुधा इथेच संपते. ऐकण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र यानंतरचा आहे. जंतू गेले तरी मध्यकर्णात द्रव साचून राहतो. महिन्यानंतर सुमारे 40 टक्के मुलांच्या कानात तो आढळतो, दोन महिन्यांनी 20 टक्क्यांच्या आणि तीन महिन्यांनी 10 टक्क्यांच्या. या काळात ना ताप असतो, ना ठणका. मूल खेळते, जेवते, झोपते. फक्त त्याला कमी ऐकू येते. ही घट सरासरी 25 ते 30 डेसिबलची असते, म्हणजे कानांत बोटे घालून ऐकल्यासारखी. समोरासमोरचे बोलणे 50 ते 60 डेसिबलचे असल्याने ते कानावर पडते खरे, पण शेजारच्या खोलीतून मारलेली हाक किंवा टीव्ही चालू असताना सांगितलेली गोष्ट निसटते. त्यातून द्रव कधी वाढतो, कधी ओसरतो. काल ऐकणारे मूल आज ऐकत नाही, आणि घरात त्याच्यावर ‘मुद्दाम ऐकत नाही’ असा शिक्का बसतो.

हेच वय भाषा घडण्याचे आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजीभाषक घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ मधला फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत त्यांची ही क्षमता ओसरली. हिंदीभाषक घरांतल्या बाळांत ती टिकून राहिली. भोवती जे ऐकू येते त्यानुसार मेंदू आपले आवाज निवडत असतो आणि त्याची सुरुवात पहिल्याच वर्षात होते. मराठी मुलाला तर ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘पळ’ आणि ‘फळ’ हे भेद पकडायचे असतात. ‘घरात’, ‘घराला’, ‘घराचा’ यांतले व्याकरण शेवटच्या, हलक्या उच्चाराच्या अक्षरात दडलेले असते. ऐकणे मंदावले की आधी निसटतात ती अशीच अक्षरे.

मग लहानपणी कान वारंवार दुखलेले मूल भाषेत मागे पडते का? अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जॅक पॅराडाइज आणि सहकाऱ्यांनी 1991 पासून सहा हजारांहून अधिक निरोगी अर्भकांचे कान नियमित तपासले. त्यांपैकी ज्यांच्या कानात द्रव दीर्घकाळ टिकला अशा 429 मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाच्या कानांत निचऱ्याच्या नळ्या लगेच बसवल्या. दुसऱ्या गटात द्रव पुढे आणखी सहा ते नऊ महिने राहिला तरच त्या बसवायच्या होत्या. मुले तीन, चार, सहा आणि पुढे नऊ ते अकरा वर्षांची झाल्यावर बोलणे, भाषा, बुद्धी, वर्तन सगळे तपासले. दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. उलट, फ्लोरिडा विद्यापीठातल्या सुझन निट्रावर यांच्या 2024 सालच्या अभ्यासात तीन वर्षांच्या आत अनेकदा कानाचा संसर्ग झालेल्या मुलांचा शब्दसंग्रह, पाच ते दहा वर्षांच्या वयातही, इतर मुलांपेक्षा लहान आढळला आणि सारखे ध्वनी असलेले शब्द जुळवताना ती अडखळत होती. हा अभ्यास 117 मुलांचा होता.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. पिट्सबर्गने उत्तर दिले ते नळ्यांची घाई करावी का या प्रश्नाचे. शिवाय तिथल्या मुलांवर सतत वैद्यकीय लक्ष होते. बहुतेक मुले ही घट भरून काढतात, एवढे निश्चित म्हणता येते. फाटलेली टाळू, डाउन सिंड्रोम, आधीपासूनच मंद असलेले ऐकणे किंवा उशिरा बोलणे यांच्या जोडीला द्रव आला, तर तो अधिक महागात पडतो. अशा मुलांबाबत थांबून पाहण्याची मुदत लागू होत नाही.

इतरांसाठी ही मुदत तीन महिन्यांची आहे. द्रव आटवण्यासाठी सर्दीची सिरपे, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किंवा प्रतिजैविके यांचा उपयोग होत नाही, तरी ती सर्रास दिली जातात. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत द्रव असेल आणि चाचणीत ऐकणे कमी भरले, तर ग्रॉमेट म्हणजे पडद्यात बसवायची इवली नळी हा पर्याय पुढे येतो. अमेरिकी डॉक्टर बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी 1954 मध्ये ती वापरात आणली. तिने ऐकणे तत्काळ सुधारते, पण हा फायदा पहिल्या सहा-नऊ महिन्यांतच ठळक असतो. वर्ष-दीड वर्षात ती बहुधा आपोआप पडून जाते.

भारतातली मोठी अडचण मात्र वेगळी आहे. पडद्याचे छिद्र न भरता कान आठवडेच्या आठवडे वाहत राहणे, हा आजार ज्या देशांत सर्वाधिक आढळतो त्यांत जागतिक आरोग्य संघटनेने भारताची गणना केली आहे. ‘मोठा झाला की थांबेल’ म्हणून वाहता कान सोडून दिला जातो आणि वर कोमट तेल घातले जाते. छिद्र असलेल्या कानात तेल थेट मध्यकर्णात उतरते. अशा दुर्लक्षाने हाडांची साखळी झिजते आणि कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. दोन आठवड्यांहून अधिक वाहणारा कान कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे.

अंगावरचे दूध, बाळाला आडवे झोपवून बाटली न देणे, घरात विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर नसणे यांनी धोका कमी होतो. 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आलेली न्यूमोकोकल लसही थोडी मदत करते. जन्मल्यावर झालेली श्रवणचाचणी चांगली आली म्हणून दुसऱ्या वर्षी कानात द्रव साचलेला नाही, याची खात्री ती देत नाही. चाचणी पुन्हा करावी लागते. मूल बोलत नसले तरी ती होते. पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री काही मिनिटांत, न दुखता उरकते आणि आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी बेरा चाचणी झोपलेल्या बाळाचीही करता येते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था, वैद्यकीय महाविद्यालये आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत या तपासण्यांची सोय आहे.