तलवारबाजीचे बूट: महाग नकोत, पण कुठलेही चालत नाहीत

भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकमध्ये सेबर प्रकारात उतरली आणि तलवारबाजी हा खेळ घरोघरी ठाऊक झाला. छत्रपती संभाजीनगरच्या ‘साई’ (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात या खेळाचं प्रशिक्षण चालतं, शालेय स्पर्धांमध्येही तो आहे. सुरुवातीला मास्क, जॅकेट, तलवार बऱ्याच क्लबांत वापरायला मिळते. बूट मात्र स्वतःचेच लागतात, त्यामुळे पहिला खर्च त्यांच्यावर होतो आणि नको ते सल्लेही तिथेच मिळतात.

गैरसमज: खास तलवारबाजीचे बूट घेतल्याशिवाय सुरुवात करता येत नाही.

वस्तुस्थिती: आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जॅकेटचं कापड ८०० न्यूटन आणि मास्कखालची गळपट्टी १६०० न्यूटन जोर सोसणारी लागते. बुटांना असा कुठलाही निकष नाही. खास बूट बहुतेक आयात केलेले असतात आणि चांगलेच महाग पडतात. नवशिक्याचं काम बॅडमिंटन, स्क्वॉश किंवा व्हॉलीबॉलच्या नॉन-मार्किंग बुटांवर व्यवस्थित भागतं. वाचलेले पैसे पुढे स्वतःच्या मास्कसाठी आणि हातमोज्यासाठी ठेवावेत.

गैरसमज: घरात रनिंग शूज आहेत, तेच घालू.

वस्तुस्थिती: ही चूक सर्रास होते. धावताना दोन्ही पावलं सरळ पुढे पडतात. तलवारबाजीत पुढचं पाऊल प्रतिस्पर्ध्याकडे आणि मागचं जवळजवळ काटकोनात असतं. गुडघे वाकवून १४ मीटर लांब आणि जेमतेम दीड-दोन मीटर रुंद पट्टीवर सतत पुढे-मागे करायचं असतं. लंज मारताना, म्हणजे पुढचा पाय झेपावून वार करताना, पुढच्या पायाची टाच आधी टेकते, मग तळवा. तेव्हाच मागच्या पायाची आतली कड जमिनीला घासते. रनिंग शूजची टाच उंच आणि मऊ असते. पाऊल जरा तिरकं पडलं की ती कलते आणि घोटा मुरगळू शकतो. शिवाय त्यांची जाळी मागच्या पायाच्या अंगठ्याजवळ लवकर फाटते.

गैरसमज: घोट्यापर्यंत येणारे बास्केटबॉलचे बूट जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती: ते जड असतात आणि पवित्र्यात घोटा जितका वाकायला हवा तितका वाकू देत नाहीत. कमी उंचीच्या सोलचा, रुंद बुडाचा आणि टाच घट्ट धरणारा बूट जास्त उपयोगी.

गैरसमज: टाच दुखते, म्हणजे आणखी जाड गादीचा बूट हवा.

वस्तुस्थिती: गादी वाढली की पाऊल जमिनीपासून उचललं जातं आणि तोल बिघडतो. पुढच्या पायाच्या बुटात प्लास्टिकचा हील कप बसवावा. तो स्वस्तात मिळतो. टाच आपटते आहे का, हे प्रशिक्षकाला बघायला सांगावं. तरीही दुखणं थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

गैरसमज: मुलांचे पाय वाढतात, दोन नंबर मोठेच घेऊ.

वस्तुस्थिती: सैल बुटात पाऊल पुढे सरकतं, फोड येतात आणि ऐन थांबायच्या वेळी पाय आत घसरतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. बूट संध्याकाळी घालून बघावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. स्पर्धेत ब्रीचेसपर्यंत (गुडघ्याखाली संपणाऱ्या विजारीपर्यंत) पोहोचणारे लांब मोजे सक्तीचे असतात, तेव्हा दुकानातही तेच घालून जावं.

दुकानात बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, मधोमध नाही. दोन्ही टोकं धरून पिळा. सहज पिळला गेला तर ठेवून द्या. अंगठ्याच्या आतल्या बाजूला नुसती जाळी नको, रबराचं किंवा रेक्झिनचं आवरण हवं. आणलेले बूट फक्त हॉलमध्येच घाला, कारण रस्त्यावरची धूळ बसली की सोलची पकड जाते.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा, म्हणजे मागच्या पायाचा, बूट आधी झिजतो, आतल्या कडेने. तिथे मोच्याकडून चामड्याची पट्टी शिवून घेतली की जोडी आणखी काही महिने निघते. अशा जोड्या भराभर झिजू लागल्या आणि स्पर्धाही वाढल्या, की मग खास बुटांचा विचार करावा.