प्रयोगशाळेंतील सोवळें

आषाढ लागला कीं बल्लाळेश्वराच्या पालींत सरसगडावर ढग उतरतात आणि घराघरांतील हवा ओलसर होते. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलेला असतो, फोडींवर तेलहि असतें. तरी एखाद्या मुलानें ओला चमचा घातला, कीं थोड्याच दिवसांत बुरशी धरते. बुरशी लोणच्यांत आपोआप उपजत नाहीं. ती हवेंतून, पाण्यांतून आणि फार वेळां हातांतून येते, हें घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया जाणून असतात. स्वयंपाकघरांत या चुकीची किंमत एक बरणी. प्रयोगशाळेंत ती माणसांच्या प्राणांनीं मोजावी लागते.

१९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यांत आली. ती मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत तयार झाली होती. एकाच बाटलींतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें मृत्यु पावले. प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्यावर ठपका आला व त्यांना पदावरून दूर व्हावें लागलें. पुढें उजेडांत आलें तें असें : गांवांत बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच बूच काढण्यास वापरला गेला. १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाले; १९२५ पासून ती संस्था त्यांचेंच नांव चालविते.

आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांत मनुष्याच्या व प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवून जतन करतात आणि संशोधकांना पुरवितात. या पेशींना साखर, क्षार व प्रथिनें असलेला रस आणि ३७ अंश सेल्सिअसची ऊब लागते. जंतूंनाहि नेमकें हेंच हवें असतें. शरीरांत त्यांच्याशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. कुपींत असा रक्षक कोणीच नसतो. मानवी पेशींना दुप्पट होण्यास सामान्यतः एक दिवस लागतो. कांहीं जंतु अर्ध्या तासांत दुप्पट होतात. या वेगानें एका जंतूचे बारा तासांत दीड कोटींहून अधिक होऊं शकतात.

म्हणून तेथील सोवळें कडक असतें. गाळलेली हवा संथपणें वाहत राहील अशा कपाटांतच कुपी उघडतात. हातमोजे व कामाची जागा सत्तर टक्के मद्यार्कानें पुसतात. निव्वळ मद्यार्क अधिक तीव्र खरा. परंतु जंतूंतील प्रथिनें नासविण्यास थोडें पाणीहि आवश्यक असतें. उपकरणें १२१ अंशांच्या कोंडलेल्या वाफेंत पंधरा-वीस मिनिटें ठेवतात. उष्णतेनें बिघडणारा रस अतिसूक्ष्म गाळणींतून गाळून घेतात. उघड्या कुपीवरून हात नेत नाहींत, आणि एका वेळीं एकाच जातीच्या पेशी हाताळतात.

रसांत औषध घालून निश्चिंत कां राहूं नये, असा प्रश्न सहज मनांत येतो. पेनिसिलिन जंतूच्या बाह्य भिंतीवर घाव घालतें; मायकोप्लाझ्मा नांवाच्या जंतूला ती भिंतच नसते. तो नेहमींच्या गाळणींतूनहि निसटूं शकतो. त्याच्यामुळें रस गढूळ होत नाहीं, पेशी मरतातच असेंहि नाहीं. त्यांचें वर्तन तेवढें पालटतें, आणि संशोधकाचे महिनोन् महिन्यांचे निष्कर्ष खोटे ठरतात. औषधानें इतर जंतूहि कित्येकदां मरत नाहींत, केवळ दबून राहतात. यास्तव नव्या पेशी प्रथम वेगळ्या ठेवून तपासतात, आणि ही तपासणी पुढेंहि वेळोवेळीं करतात.

कपाट, गाळणी, वाफेचें यंत्र हीं पैसे देऊन मिळतात. ओला चमचा बरणींत गेला, चिमटा हातून खालीं पडला, हें त्याच क्षणीं सांगून टाकण्याची संवय मात्र माणसालाच लावून घ्यावी लागते. मुल्कोवालला उणीव होती ती तिचीच.