विश्लेषण : जाहिरातीत बाई दिसते, मग बाजाराच्या हिशेबात ती मागे का पडते?

साबण, मसाले, चहा, तेल... टीव्ही किंवा मोबाइलवरील कोणतीही जाहिरात पाहा, त्यात महिला असतेच. घरातील रोजच्या खरेदीचा मोठा भाग तीच सांभाळते. तरीही घर, वाहन, विमा किंवा गुंतवणुकीचा विषय निघाला की जाहिरात तिच्याशी कमी आणि घरातील पुरुषाशी जास्त बोलते. हे केवळ जुन्या मानसिकतेमुळे घडते की ग्राहक मोजण्याच्या पद्धतीतच त्याचे मूळ आहे?

ललिताजींपासून आजपर्यंत काय बदलले?

गेल्या शतकात ऐंशीच्या दशकात स्वस्त ‘निरमा’ने बाजारपेठ काबीज करायला सुरुवात केली, तेव्हा महाग ‘सर्फ’ विकण्यासाठी ‘लिंटास’च्या अलिक पदमसी यांनी ललिताजी हे पात्र आणले. कविता चौधरी यांनी ते घराघरांत पोहोचवले. पै-पैचा हिशेब ठेवणारी, पण निव्वळ स्वस्त आणि खरोखर फायद्याचे यातला फरक ओळखणारी ही गृहिणी होती. कंपनीने तिच्या सौंदर्याऐवजी व्यवहारज्ञानावर भिस्त ठेवली, हे तेव्हा वेगळे होते. मात्र त्या व्यवहारज्ञानाची हद्द धुण्याच्या बादलीपाशी संपत होती.

२०१५ मध्ये ‘एरियल’ने ‘शेअर द लोड’ मोहिमेतून कपडे धुणे हे फक्त बाईचेच काम का, असा प्रश्न विचारला. २०२१ मध्ये ‘कॅडबरी’ने १९९४ ची आपली गाजलेली क्रिकेटची जाहिरात उलटी केली. या वेळी षटकार मुलीने मारला आणि नाचत मैदानात धावला तो मुलगा. प्रत्यक्षातील घर मात्र जाहिरातीइतक्या वेगाने बदललेले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात सहभागी असलेल्या महिला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकाम करतात, तर पुरुष ८८ मिनिटे.

जाहिरातींचा अभ्यास काय सांगतो?

युनिसेफ आणि अमेरिकेतील जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी २०१९ मध्ये भारतात दाखवल्या गेलेल्या टीव्ही आणि यूट्यूबवरील हजाराहून अधिक जाहिराती तपासल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात पहिली नजर सुखावणारी आहे. पडद्यावरील वेळेपैकी ५९.७ टक्के आणि बोलण्याच्या वेळेपैकी ५६.३ टक्के वाटा स्त्री पात्रांचा होता.

ती काय करताना दिसते हे पाहिले की चित्र पालटते. १८.७ टक्के स्त्री पात्रे आई म्हणून दाखवलेली होती. पुरुष पात्रांत वडील म्हणून दिसणारे केवळ ५.९ टक्के होते. भविष्याविषयीचे निर्णय घेताना ७.३ टक्के पुरुष पात्रे दिसली, स्त्री पात्रे ४.८ टक्केच. थोडक्यात, उपस्थिती भरपूर, पण निर्णयाची खुर्ची दुसऱ्याची.

बाजार ग्राहकाला मोजतो कसा?

जाहिरात कोणाला दाखवायची हे ठरवताना कंपन्या कुटुंबांची वर्गवारी करतात. भारतात ऐंशीच्या दशकापासून ही वर्गवारी घरातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि व्यवसाय यावरून होत असे. २०११ मध्ये ‘एनसीसीएस’ ही नवी पद्धत आली. त्यात मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि घरात असलेल्या वस्तूंची संख्या हे दोन निकष होते. पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, मोटार, शेतजमीन अशा ११ गोष्टींच्या यादीतून ती संख्या काढली जात असे.

समजा, एका घरात वडील दहावी शिकलेले, आई शिवणकाम करून घरखर्चाला हातभार लावणारी आणि मुलगी पदवीधर आहे. या पद्धतीत शिक्षण वडिलांचेच धरले जाणार. आईची कमाई आणि मुलीची पदवी गणितात येणारच नाही. दारात दुचाकी आहे का, हे विचारले जाणार. ती चालवते कोण, हे नाही. मुख्य कमावती व्यक्ती स्त्रीही असू शकते, पण बहुतांश घरांत ती जागा पुरुषाची असल्याने बाईची ओळख त्याच्या आड झाकली जाते.

२०२४ मध्ये मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाने ‘आयसेक’ ही नवी वर्गवारी आणली. त्यात मुख्य कमावत्या व्यक्तीचा व्यवसाय, घरातील सर्वाधिक शिकलेल्या प्रौढ पुरुषाचे शिक्षण आणि सर्वाधिक शिकलेल्या प्रौढ स्त्रीचे शिक्षण असे तीन निकष आहेत. म्हणजे घरातील बाईच्या शिक्षणाला या मोजणीत प्रथमच स्वतंत्र रकाना मिळाला.

मोबाइलमुळे चित्र बदलले का?

काही अंशी. मोबाइलवर जाहिरात कुटुंबाला न दाखवता व्यक्तीला दाखवली जाते. मात्र त्यासाठी फोन हाती असावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५३.९ टक्के महिलांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४६.६ टक्के होते. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर काही शोधणारी महिला कंपनीच्या लेखी पुरुषच ठरते.

दुसरी अडचण यंत्रणेच्या आत आहे. ॲनिया लँब्रेख्ट आणि कॅथरिन टकर या संशोधकांनी विज्ञान-तंत्रज्ञानातील नोकऱ्यांची एक जाहिरात १९१ देशांत चालवून पाहिली. ती स्त्री-पुरुष दोघांसाठीही होती. प्रत्यक्षात ती पुरुषांना २० टक्क्यांहून अधिक वेळा दिसली. कारण मोठे विचित्र होते. ऑनलाइन जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. खरेदी जास्त करतात म्हणून तरुण महिलांसाठी वस्तू विकणाऱ्या कंपन्या चढी बोली लावतात. साहजिकच त्यांच्यापर्यंत पोहोचणे महाग पडते आणि खर्च वाचवणारी यंत्रणा नोकरीची जाहिरात पुरुषांकडे वळवते. ग्राहक म्हणून तिला असलेली मागणीच तिच्या संधीच्या आड येते.

जाहिराती आणि बातम्या ठरवते कोण?

वरच्या पदांवर महिला नाहीत असे नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात आणि पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये शिकलेल्या प्रिया नायर ऑगस्ट २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरच्या पहिल्या महिला मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. त्यांची कारकीर्द मार्केटिंगमध्येच घडली. पब्लिसिस समूहाची दक्षिण आशियाची धुरा अनुप्रिया आचार्य यांच्याकडे आली, तर ‘ओगिल्व्ही’त कायनाझ करमाकर सर्जनशील विभागाच्या प्रमुखांपैकी एक झाल्या.

तरीही अशी नावे बोटांवर मोजावी लागतात. रात्री उशिरापर्यंतचे चित्रीकरण, ऐनवेळची सादरीकरणे आणि बाळंतपणानंतर परतताना निसटलेली बढती यांमुळे अनेकींचा प्रवास मध्येच थांबतो. २०१७ पासून मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. २०१८ च्या ‘मी टू’ लाटेत माध्यमे आणि जाहिरात या दोन्ही क्षेत्रांतील महिला उघडपणे बोलल्या. लैंगिक छळाविरोधातील कायदा २०१३ मध्येच झाला होता, तरी तक्रार समित्या कागदावरच असल्याचे अनेक ठिकाणी तेव्हा लक्षात आले.

बातम्यांतही वेगळे चित्र नाही. जगभरातील माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या ‘जीएमएमपी’ प्रकल्पानुसार, बातम्यांत दिसणाऱ्या किंवा मत मांडणाऱ्या व्यक्तींमध्ये महिलांचे प्रमाण १९९५ मध्ये १७ टक्के होते. पंचवीस वर्षांनी, २०२० मध्ये, ते २५ टक्क्यांवर पोहोचले.

नियम आहेत का? तक्रार करता येते का?

१९८५ मध्ये स्थापन झालेली मुंबईतील ‘ॲस्की’ ही जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था आहे. तिने जून २०२२ मध्ये घातक लिंगभेदी साच्यांविरोधात मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. बाई घरकाम करताना दाखवण्यावर बंदी नाही. मात्र ते काम फक्त तिचेच आहे किंवा अमुक काम तिला जमणारच नाही, असे सुचवता येत नाही. त्याच महिन्यात एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातीत सामूहिक बलात्काराचा सूर असल्याची टीका झाली. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती समाजमाध्यमांवरून काढायला लावली. एखादी जाहिरात खटकली तर ग्राहक ‘ॲस्की’च्या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करू शकतो.

पुढे काय?

नियम आक्षेपार्ह जाहिरात थांबवू शकतात, पण दुर्लक्षावर त्यांचा इलाज नाही. महिलेसाठी कर्ज, विमा किंवा वाहन नीट आखले गेले नाही, तर त्याची तक्रार कुठे नोंदवणार? तिथे मोजणीच उपयोगी पडते. ‘आयसेक’ने घरातील बाईचे शिक्षण विचारले, ही सुरुवात आहे. तिची कमाई किती, घरातील मोठ्या खरेदीचा निर्णय कोणाचा आणि दारातली दुचाकी चालवते कोण, हे प्रश्न अजून बाकी आहेत.