मगरिबच्या आधीचा अर्धा तास

जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या एक नंबर दरवाजाच्या पायऱ्या उतरल्या, की समोरच मटिया महलचा बाजार. रमजानमध्ये इथे खजला-फेनीचे ढीग लागतात, कलिंगडं कापली जातात, कबाबाच्या शेगड्या धुमसू लागतात. असरनंतरचं तिरपं ऊन त्या धुरात शिरलं, की फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं? लांब पल्ल्याची लेन्स मात्र इथे कुचकामी. गर्दी एवढी, की माणसाजवळ जावंच लागतं. गेल्यावर आधी सलाम करायचा, मग कॅमेरा उचलायचा. बहुतेक दुकानदार हसून मान डोलावतात. कुणी ‘रोजा है?’ असंही विचारतो, आणि नसला तरी हातावर खजूर ठेवतो.

खरी परीक्षा सूर्यास्ताला. १६५६ साली पूर्ण झालेल्या या मशिदीच्या अंगणात घराघरांतून आलेले दस्तरखान अंथरलेले असतात. मुलांसकट सगळे गप्प, कान अजानकडे. दिवसातलं सर्वांत देखणं दृश्य हेच, आणि सर्वांत खासगीही. दुआ मागणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारे हौशी असतातच. त्यांना कुणी हटकत नाही, हे अधिक लाजिरवाणं. जाणते लांबूनच एखादा फोटो घेतात. अजान झाली, की कॅमेरा गळ्यात लोंबतो आणि अनोळखी शेजारी सरबताचा पेला पुढे करतो.