कृपा म्हणजे सवलत नव्हे

मोबाइलवर भरलेल्या उपासनेत काही ना काही चुकतच राहतं. मग ती उपासना कमी दर्जाची ठरते का, हा आजचा प्रश्न.

2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि त्या वर्षीचा 12 एप्रिलचा ईस्टर पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांनी घरात, पडद्यासमोर साजरा केला. आज वडीगोद्रीसारख्या गावातला माणूसही घरबसल्या दूरच्या मंडळीत सामील होऊ शकतो. पण तिथं होतं काय? एकत्र गीत म्हणायला जावं, तर सूर फाटतात. आवाज पोचायला सेकंदाचा काही अंश लागतो, आणि तो प्रत्येकाला वेगवेगळा लागतो. तेवढ्यानं ताल मोडतो. शास्त्रपाठ वाचणारा अडखळतो, कुणाचा कुकर शिट्टी देतो. मग लाज वाटते. माणूस आधी कॅमेरा बंद करतो, पुढं येणंच सोडतो. खरा तोटा हा आहे.

आता दोन गोष्टी वेगळ्या करू. ताल मोडणं ही मर्यादा झाली. तिच्यात कुणाचा दोष नाही. प्रार्थना चालू असताना दुसरीकडं व्हिडिओ बघत बसणं हा मात्र दोष. दोषाची क्षमा मागायची असते, मर्यादेची नाही. आपण नेमकं उलट करतो. अडखळलो की दहादा 'सॉरी' म्हणतो, दुर्लक्षाचं मात्र काही वाटत नाही.

बरं, 'चालतंय, देव समजून घेतो' याला कृपा म्हणायचं का? नाही. ती सवलत झाली. सवलतीत मोजमाप खाली आणतात. 35 ऐवजी 30 गुणांना पास करतात. कृपेत मोजमाप तिथंच राहतं, पण तुमचा स्वीकार त्यावर ठरत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल सांगतो. तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा राहिला; पण त्या दुर्बलतेतच कृपा पुरी पडते, हे त्याला उमगलं.

आपल्याकडचंच उदाहरण बघा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य हाती घेतलं. 1919 मध्ये ते गेले, तेव्हा ते अपुरं होतं. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढं पूर्ण केलं. अपुरेपणात दुसऱ्याला जागा असते, ती अशी.

म्हणून एक सुचवतो. उपासनेत एकदा तरी, प्रभूच्या प्रार्थनेपुरते, सगळे माइक उघडे ठेवा. आवाज पुढं-मागं होतील, होऊ द्या. वाचणारा थांबला, तर दुसऱ्यानं पुढचं वचन घ्यावं. घरी एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या आजींना त्या गोंधळात निदान माणसांचे आवाज तरी ऐकू येतील.

माणूस स्वतःच्या बळावर निर्दोष होऊ शकतो का, यावर पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्यात मोठा वाद झाला. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ.